मुख्य शब्दाच्या शेजारचे शब्द : दुय्यम, पूरक, जोड, पोट आणि त्यांची भावंडं

कोल्हापुरात गेली कितीतरी वर्षं मी प्रुफं तपासते. लग्नपत्रिका, तालमीच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, सगळंच टेबलावर येतं. हल्ली नवी मुलं-मुली या कामाला येतात. कुणी भाषांतर करतं, कुणी बातम्या लिहितं, कुणी जाहिरातीचा मजकूर. त्यांची एक अडचण मला पुन्हापुन्हा दिसते. मुख्य गोष्ट काय आहे ते त्यांना नेमकं लिहिता येतं. तिच्या शेजारी, खाली, मागं किंवा आत जे असतं त्याला काय म्हणायचं, तिथं मात्र गाडी अडते. मग सगळीकडे ‘दुय्यम’ नाहीतर ‘सहायक’ असा एकच शिक्का बसतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

ही चूक मीही केलेली आहे. कामाला लागून दुसरंच वर्ष असेल. एका गाण्याच्या कार्यक्रमाची पुस्तिका होती. गायिकेचं नाव वर मोठं होतं, खाली तबला, पेटी, तानपुरा. त्या तिघांच्या नावांवर काहीतरी मथळा हवा होता, म्हणून मी ‘दुय्यम कलाकार’ असं घातलं. मला तो शब्द साधा, सरळ वाटला होता. पुस्तिका छापून गेल्यावर तबल्याचे मास्तर स्वतः आले. रागावले नाहीत. पान उघडून त्या शब्दावर बोट ठेवलं. बोटाच्या टोकाला तबल्यावरच्या शाईचा घट्टा पडलेला होता. म्हणाले, “बाळ, दुय्यम म्हंजे काय गं? दुसऱ्या नंबरचा? मग मी हात उचलला की बाई समेवर कुठं येत्यात, ते सांग की.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाराशे प्रती वाटून झाल्या होत्या. शब्द होता ‘साथ’, ‘साथसंगत’. तो मला लहानपणापासून माहीत होता, फक्त त्या क्षणी सुचला नाही, कारण मी नातं न बघता क्रमांक बघितला होता.

पहिली पायरी : शब्द शोधायच्या आधी नातं शोधा

समानार्थी शब्दांची यादी समोर घेऊन बसलात तर दुय्यम, गौण, पूरक, सहायक, आनुषंगिक, अवांतर हे सगळे एका ओळीत दिसतील. कोशात ते शेजारी राहतात, वापरात नाहीत. प्रत्येक शब्द मुख्य गोष्टीशी वेगळं नातं सांगतो. कुणी दर्जा सांगतो, कुणी उणीव भरून काढतो, कुणी आत राहतो, कुणी मागून येतो.

नातं ओळखायला मी मुलांना मटणाच्या ताटासमोर बसवते. सुकं मटण, भाकरी, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, कांदा, लिंबू. आता एकेक वस्तू मनात उचला. लिंबाची फोड उचलली तर जेवण होतं, थोडं अळणी वाटतं एवढंच. ते झालं तोंडी लावणं. पांढरा रस्सा उचलला तर पाहुणा वाढप्याला हाक मारून विचारणारच. म्हणजे पांढरा काही तांबड्याच्या खालचा नाही, तो जोडीचा आहे. भाकरी उचलली तर जेवणच होत नाही, तरी ताटाला नाव भाकरीचं नसतं, मटणाचं असतं. इथं थांबून विचार करा. ज्याचं नाव मोठं ते मुख्य, असं आपण धरून चालतो आणि तिथंच बहुतेक चुका होतात.

तेव्हा कसोट्या तीन. शेजारची गोष्ट काढून बघा, मुख्य गोष्टीचं काय होतं? मुख्य गोष्ट काढून बघा, शेजारची एकटी उभी राहते का? आणि माणसांबद्दल लिहीत असाल तर तो शब्द त्यांच्या तोंडावर उच्चारून बघा. तिसरी कसोटी मला तबल्याच्या मास्तरांनी दिली आणि ती मी कधी सोडलेली नाही.

दुसरी पायरी : ठरलेली नावं बाजूला काढा

मजकूर हातात आला की आधी पदांची आणि कायद्यातली नावं पेन्सिलीनं गोल करा. त्यांना समानार्थी शब्द नसतात. हे न कळल्यामुळे होणारे घोळ मी सगळ्यात जास्त बघितलेत.

‘उप’, ‘सह’, ‘सहायक’, ‘अपर’, ‘नायब’, ‘दुय्यम’, ‘कनिष्ठ’ यांतला प्रत्येक शब्द सरकारी कामात एक ठरावीक खुर्ची दाखवतो. एका निमंत्रणपत्रिकेत एका नव्या मुलानं ‘अपर जिल्हाधिकारी’ हे जरा जड वाटतं म्हणून ‘उपजिल्हाधिकारी’ केलं. ती दोन वेगळी पदं आहेत आणि अपर हे वरचं आहे. ‘नायब तहसीलदार’ला ‘उपतहसीलदार’ करू नका. नायब हा अरबीतून आलेला, तहसील कचेरीत मुरलेला शब्द आहे आणि आजही तेच पदाचं नाव आहे.

सगळ्यात फसवी जोडी निबंधकांची. ‘दुय्यम निबंधक’ म्हणजे जिथं आपण घराचा, जमिनीचा दस्त नोंदवायला जातो तिथले अधिकारी. ‘उपनिबंधक’ म्हणजे सहकार खात्यातले, पतसंस्था, दूध संस्था, गृहनिर्माण संस्था यांच्याशी संबंध असलेले. कोशात उप आणि दुय्यम जवळजवळ एकच, पण इथं खातंच बदलतं. कोल्हापूरसारख्या सहकाराच्या जिल्ह्यात हा घोळ झाला तर माणूस चुकीच्या कचेरीच्या पायऱ्या चढतो. ‘सहायक निबंधक’ हे आणखी निराळे, उपनिबंधकांच्या खालचे. दस्ताच्या कामात ‘सह दुय्यम निबंधक’ असंही पद आहे. ते वाचून दोन शब्द चुकून एकत्र आलेत असं वाटेल, पण त्यातलं एक अक्षरही गाळू नका.

विद्यापीठाच्या कार्यक्रमांची पत्रकं करताना ‘प्र.’ या एका अक्षरापाशी थांबा. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं, त्यामुळं इथं अशी पत्रकं नेहमीची. ‘प्र-कुलगुरू’ हे कुलगुरूंच्या खालचं स्वतंत्र पद आहे. ‘प्रभारी कुलगुरू’ म्हणजे तात्पुरता कार्यभार सांभाळणारे. दोन्हींचं लघुरूप ‘प्र.’ होतं. म्हणून लघुरूप करूच नका, पूर्ण लिहा.

शुद्धलेखनाचं इथंच सांगून टाकते. ‘साहाय्य’ हे नाम, ‘सहायक’ किंवा ‘साहाय्यक’ हा मदत करणारा. ‘सहाय्य’ आणि ‘सहाय्यक’ ही दोन रूपं पाट्यांवर जागोजाग दिसतात, पण ती चूक आहेत. तसंच ‘आनुषंगिक’ला सुरुवातीला आ आहे. ‘अनुषंगाने’ लिहिताना मात्र अ.

तिसरी पायरी : ‘पोट’ आणि ‘उप’ यांतला फरक कळू द्या

मला मराठीतला सगळ्यात आवडता उपसर्ग कुठला विचाराल तर ‘पोट’. त्याची जोपासना कुणा पंडितानं केलेली नाही, शेतातून आणि कचेरीतून तो आपसूक आला. सातबारा हातात घ्या. ‘पोटखराबा’ म्हणजे गटातल्या क्षेत्रापैकी लागवडीला न येणारा तुकडा, मग तिथं ओढा असेल, खडक असेल. ‘पोटहिस्सा’ म्हणजे एका नंबराच्या आत पडलेले वाटे. कायद्यात ‘पोटकलम’, घरात ‘पोटमाळा’, भाड्याच्या व्यवहारात ‘पोटभाडेकरू’, समाजात ‘पोटजात’, विद्येत ‘पोटशाखा’. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात शिडी लावून चढायचा तो माळा छताच्या वर नसतो, खोलीच्याच उंचीत, तिच्या पोटात असतो.

खूण अशी की ‘पोट’ लागतं ते अवघ्याच्या आत असलेल्या भागाला. मोठी गोष्ट काढली तर पोटातली उरतच नाही. कलम रद्द झालं की पोटकलम गेलं. ‘पोटनिवडणूक’ हा शब्दही मी असाच समजून घेते, एका सभागृहाच्या चालू मुदतीच्या पोटात झालेली निवडणूक.

‘उप’चं तसं नाही. संस्कृतात त्याचा मूळ भाव जवळ, लगत असा आहे. उपनगर शहराच्या पोटात नसतं, लगत असतं. म्हणून ‘पोटनगर’ कुणी म्हणत नाही आणि ‘उपमाळा’ही म्हणत नाही. ‘उपनदी’ही बाहेरून येऊन मिळते. आणि नदीचंच उदाहरण घेतलं तर ‘उप’ची आणखी एक गोष्ट कळते.

आपली पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची. चिखलीजवळ प्रयाग संगमापासून तिला पंचगंगा हे नाव लागतं. पंचगंगेवर लेख लिहीत असाल तर भोगावती ही उपनदी. तीच पंचगंगा पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, तेव्हा कृष्णेवरच्या लेखात पंचगंगा उपनदी होते. नदी तीच, पाणी तेच. ‘उप’ म्हणताना आपण कुठं उभे आहोत ते आपण नकळत सांगत असतो. राधानगरीच्या माणसाला भोगावती उपनदी वाटत नाही. आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागतं, तेव्हा अख्खं शहर या उपनदीकडे डोळे लावून बसतं. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी वाडीला पुढं सरकत नाही, मागं फुगवटा येतो. कुठली मुख्य नि कुठली उप हे नकाशात ठरतं, चिखली-आंबेवाडीतल्या घरात नाही. मी हे एवढ्यासाठी सांगतेय की बातमी लिहिताना ‘कृष्णेची उपनदी असलेली पंचगंगा’ असं लिहायचं का, हे तुमचा वाचक कुठं राहतो त्यावर ठरवा. पुण्यातल्या वाचकाला ते उपयोगी आहे. शिरोळच्या वाचकाला ते सांगायची गरज नाही.

‘उप’बद्दल एक सावधगिरी. हा उपसर्ग लावून नवा शब्द बनवायची हौस येते तेव्हा तो शब्द आधीच कशासाठी वापरला जातो ते बघा. ‘उपवस्त्र’ म्हणजे मूळचं अंगावरचं दुसरं वस्त्र, पण बोलण्यात त्याला बाईबद्दलचा फार बोचरा अर्थ चिकटलेला आहे. कपड्याच्या दुकानाच्या जाहिरातीत तो घालू नका. ओढणी, स्टोल, उपरणं, जे असेल ते नाव लिहा.

चौथी पायरी : पूरक, पुरवणी, जोड

हे तिन्ही शब्द भर घालणाऱ्या गोष्टींचे, पण भर घालायची तऱ्हा वेगळी.

‘पूरक’मध्ये काहीतरी कमी आहे हे गृहीत असतं. पूरक आहार म्हणजे रोजच्या जेवणात जे कमी पडतं ते देणारा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतीव भाग बनवणारे कारखाने आहेत. त्यांचा माल मोठ्या वाहन कंपन्यांना जातो. त्यांना ‘पूरक उद्योग’ म्हणतात आणि ते बरोबरच आहे, कारण ती कंपनी ते भाग स्वतः बनवत नाही, तिची तेवढी जागा हे भरून काढतात. ‘दुय्यम उद्योग’ म्हटलंत तर अर्थच उलटा होईल, कारण हा भाग वेळेवर पोचला नाही तर तिकडची गाडी उभी राहते. ‘सहायक उद्योग’ म्हटलंत तर उपकार केल्यासारखं होतं. पूरक या शब्दात बरोबरी शिल्लक राहते. म्हणून शंका असेल तिथं मी आधी पूरक लावून बघते.

‘पुरवणी’ ही वस्तू आहे, ती हातात धरता येते. परीक्षेच्या हॉलमध्ये शेवटच्या तासाला “सर, पुरवणी!” अशी हाक येते, मग पांढरा दोरा, मग गाठ. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी असते, विधिमंडळात ‘पुरवणी मागण्या’ असतात. दहावी-बारावीला राहिलेल्या विषयांची ‘पुरवणी परीक्षा’ असते, तिला ‘पूरक परीक्षा’ लिहू नका. मूळ गोष्ट एकदा पूर्ण झाली, तिला मागून जोडलं, की पुरवणी. विधिमंडळात मूळ प्रश्नाच्या पाठोपाठ विचारतात तो मात्र ‘उपप्रश्न’. नियम शोधत बसू नका, असे शब्द ऐकून लक्षात ठेवायचे.

पुस्तकात ‘परिशिष्ट’. शिष्ट म्हणजे उरलेलं. मुख्य मजकुरात न मावलेलं, पण टाकूनही देता न येणारं. पत्राला मात्र परिशिष्ट नसतं, ‘सहपत्र’ असतं किंवा नुसतं ‘सोबत :’ असं लिहून पुढं कागदांची नावं. अर्जाला ‘जोडपत्र’. राज्यघटनेबद्दल लिहिताना बातम्यांत ‘दहावं परिशिष्ट’ असं दिसतं, अधिकृत मराठी मजकुरात तो शब्द ‘अनुसूची’ आहे. अहवालात अनुसूची लिहा.

आता ‘जोड’. ‘जोडधंदा’ हा शब्द आपल्या जिल्ह्यात रोज कानावर पडतो आणि तो म्हटला की दूध आलंच. ‘गोकुळ’ हा जिल्हा दूध संघ १९६३ सालचा. सरकारी भाषेत शेती मुख्य, दूध जोडधंदा. दुसरी कसोटी लावा. शेती बाजूला काढली तरी गोठा उभा राहतो. पहिली कसोटी लावा. गोठा काढला तर? करवीरातल्या, कागलमधल्या घरात उसाचं बिल हंगामातून यायचं, आणि दुधाचं दर दहा दिवसांनी. किराणा, दवाखाना, पोरांची फी त्या दहा दिवसांच्या बिलावर चालते. पहाटे चार वाजता धार काढायला उठणारी बाई ‘दुय्यम’ काही करत नाही. जोड या शब्दात हे बसतं, कारण जोड म्हणजे एकाला एक लावून झालेली बळकटी. म्हणून ‘शेतीचा दुय्यम व्यवसाय’ असं कुणी लिहून आणलं की मी ते कापते आणि ‘जोडधंदा’ करते, आणि का ते समजावून सांगते.

उसात हरभरा किंवा भुईमूग घेतला तर ते ‘आंतरपीक’, कारण ते सरींच्या मधल्या जागेत येतं. ‘जोडपीक’ किंवा ‘उपपीक’ म्हणून शेतकऱ्याला ते कळणार नाही. साखर कारखान्यात साखरेबरोबर निघतात ते ‘उपपदार्थ’, म्हणजे मोलॅसिस (साखर काढून उरलेला दाट पाक), बगॅस (उसाचा चोथा), प्रेसमड (रस गाळताना उरलेला गाळ). बगॅस जाळून वीज केली तर मात्र ‘सहवीजनिर्मिती’ म्हणतात. इथं ‘उप’ जाऊन ‘सह’ का आलं ते लक्षात घ्या. उप म्हणजे मुख्य काम होताना निघालेलं, सह म्हणजे त्याच वेळी बरोबरीनं केलेलं. गुऱ्हाळावर तर ही भाषाच लागत नाही. उसाचं चिपाड वाळवतात, तेच चुलवाणात जातं, त्यावरच काहिलीतला रस आटतो. चिपाडाला तिथं कुणी उपपदार्थ म्हणत नाही, जळण म्हणतात.

पाचवी पायरी : माणसांसाठी शब्द

इथं सावकाश जा. कागदपत्राला शब्द चुकला तर दुरुस्तीपत्रक काढता येतं.

गाण्यात ‘साथ’, ‘साथीदार’. पोवाड्यात शाहिरामागं उभे राहून ‘जी जी रं जी’ धरतात ते ‘झीलकरी’. तमाशात ‘सुरत्ये’. दिंडीत, भजनात ‘टाळकरी’. या प्रत्येक शब्दात त्या माणसाचं काम आहे, त्याचा दर्जा नाही. मराठीनं हे फार छान केलंय. जिथं कामाचं नाव उपलब्ध आहे तिथं ‘सहकलाकार’सुद्धा घालू नका. ‘सहकलाकार’ हा सगळ्यांना मावणारा सदरा आहे, तो कुणालाच नीट बसत नाही.

याच कुळातला ‘री ओढणे’ हा वाक्प्रचार मात्र वेगळा पडला. झील धरणारा गाण्याला बळ देतो, री ओढणारा स्वतःची अक्कल न वापरता दुसऱ्याचं म्हणणं पुढं रेटतो. ‘त्यांनी अध्यक्षांची री ओढली’ हे कौतुक म्हणून एका अहवालात आलं होतं. तिथं ‘दुजोरा दिला’ किंवा ‘पाठिंबा दिला’ हवं होतं.

सिनेमाच्या श्रेयनामावलीत ‘सहायक दिग्दर्शक’ हे पद आहे, तसंच ठेवा. कोल्हापूर हे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं गाव. तिथं शिकून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथंच ‘प्रभात’ काढली. हाताखाली काम करणं म्हणजे तेव्हा शिकणं होतं. भूमिकांबद्दल लिहिताना ‘दुय्यम भूमिका’ टाळा. ‘सहायक भूमिका’ चालेल, त्याहून चांगलं म्हणजे भूमिकाच सांगा, ‘सासऱ्याच्या भूमिकेत’, ‘वस्तादाच्या भूमिकेत’.

कामाच्या ठिकाणची बोलीही ऐकून ठेवा. गवंड्याच्या हाताखाली बिगारी असतो, ट्रकवर ड्रायव्हरबरोबर क्लीनर, उद्यमनगरात लेथवर हेल्पर. ‘मदतनीस’ हा शब्द अंगणवाडीत सेविकेच्या जोडीचं पद म्हणून पक्का झालाय. ‘हाताखालचा’ बोलताना आपुलकीनं येतो, लिहिताना मात्र खाली दाबल्यासारखा दिसतो. ‘माझ्या हाताखालची पोरं’ असं वस्ताद म्हणाले तर ते त्यांच्या तोंडीच, अवतरणात ठेवा. निवेदनात ‘त्यांच्याकडे शिकलेली मुलं’ करा.

देवांच्या बाबतीतही हेच. अंबाबाईच्या देवळात महाकाली आणि महासरस्वतीची स्थानं आहेत, आवारात इतरही देव आहेत. त्यांच्यासाठी ‘दुय्यम देवता’ असं भाषांतर एकदा माझ्याकडे आलं होतं. आपल्याकडे ‘परिवारदेवता’ असा शब्द आहे. परिवार म्हणजे भोवती असलेले. किती नेमकं आहे ते.

सहावी पायरी : गौण, किरकोळ, अवांतर, आनुषंगिक

हे चार पटकन.

‘गौण’ म्हणजे महत्त्वानं कमी. व्याकरणात मुख्य वाक्य आणि गौण वाक्य असतं, महसुलात ‘गौण खनिज’ म्हणजे वाळू, मुरूम, दगड. बाकी गद्यात गौण वापरायचा तर तुम्ही निवाडा देताय हे जाणून वापरा. ‘पैशांचा प्रश्न गौण आहे’ हे ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानंच लिहिलेलं असतं. ‘किरकोळ’चे दोन संसार आहेत. ‘किरकोळ जखमी’मध्ये तो थोडा असा, आणि ‘किरकोळ विक्री’मध्ये घाऊकच्या विरुद्ध. ‘किरकोळ व्यापारी’ म्हणजे लहान लायकीचा व्यापारी नव्हे.

‘अवांतर’ म्हणजे विषयाबाहेरचं. शाळेत ‘अवांतर वाचन’ चांगलं, सभेत ‘अवांतर चर्चा’ वाईट. ‘आनुषंगिक’ म्हणजे मुख्य गोष्ट झाली म्हणूनच ओढून आलेलं. इथं दुसरी कसोटी चोख लागते. नवरात्रात दर्शनाला गर्दी होते म्हणून मंडप, पाणी, वाहनतळ यांचा खर्च येतो. दर्शनरांग नसती तर तो खर्चही नसता, म्हणून ‘आनुषंगिक खर्च’. त्याच अहवालात ऐनवेळी जळालेला पंखा बदलला असेल तर तो ‘किरकोळ खर्च’. हिशेबनीस हे बरोबर करतात, मजकूर लिहिणारे चुकतात.

सातवी पायरी : विशेषण काढून शब्दयोगी लावून बघा

हे मला फार उशिरा उमगलं आणि नव्यांना मी हे अगदी पहिल्या दिवशी सांगते. भाषांतरातून आलेल्या मजकुरात या सगळ्या गोष्टी विशेषणांनी सांगितलेल्या असतात, पूरक अमुक, सहायक तमुक. मराठी माणूस बोलताना हे नातं बहुतेक वेळा नामाच्या मागं, शब्दयोगी अव्ययानं सांगतो. ‘च्या जोडीला’, ‘च्या साथीला’, ‘च्या मदतीला’, ‘च्या दिमतीला’, ‘च्या खालोखाल’, ‘च्या पाठोपाठ’, ‘च्या आधारानं’, ‘वर’, ‘शिवाय’, ‘खेरीज’.

‘शेतकऱ्यांनी पूरक उत्पन्नाचा सहायक स्रोत म्हणून कुक्कुटपालन स्वीकारले.’ हे वाक्य परवा आलं होतं. मी त्या मुलीला म्हटलं, तुझ्या आजीला हे सांगायचं तर कसं सांगशील? तिनं लगेच सांगितलं, “शेतीच्या जोडीला कोंबड्या पाळल्या.” मी पेन तिच्या हातात दिलं. तिनं स्वतःच वरचं खोडून खालचं लिहिलं. अहवालाला शोभेल म्हणून ‘कुक्कुटपालन सुरू केलं’ ठेवलं, बाकी जसंच्या तसं.

‘खालोखाल’ आणि ‘दुय्यम’ यांतला फरकही असाच आहे. ‘उसाच्या खालोखाल भात’ म्हटलं की नुसता क्रम कळतो. ‘भात हे दुय्यम पीक’ म्हटलं की भाताची किंमत उतरते. दुय्यम हा शब्द फारसीतल्या दुसऱ्या क्रमांकापासून आला, त्यात मुळात कमीपणा नव्हता. पण ‘दुय्यम वागणूक’, ‘दोयम दर्जा’ असं बोलून बोलून तो आता खाली झुकलाय.

सरावासाठी रोज एक पान घ्या, वर्तमानपत्राचं चालेल. दुय्यम, गौण, पूरक, सहायक, उप, सह, पोट, जोड जिथं दिसेल तिथं खूण करा. ठरलेली पदनामं सोडून द्या. उरलेल्या प्रत्येक जागी तीन कसोट्या लावा आणि शब्दयोगीनं वाक्य पुन्हा लिहून बघा. पंधरा दिवसांत कान तयार होतो.

आणि अक्षरांचा आकार

शब्द नीट निवडला तरी मांडणीत तो हरू शकतो, म्हणून प्रूफ अंतिम करताना हे तपासा. गाण्याच्या पुस्तिकेत ‘साथसंगत’ लिहिलंत, पण नावं सात पॉइंटांच्या बारीक अक्षरांत, एका ओळीत, स्वल्पविराम देऊन कोंबलीत, तर वाचकाला ‘दुय्यम’च वाचायला मिळतं. प्रत्येकाला स्वतःची ओळ द्या. वाद्याचं नाव आधी, माणसाचं नंतर आणि ठळक. गायकाच्या नावापेक्षा दोन-तीन पॉइंट लहान चालतं, निम्मं नको.

पुढच्या वर्षी त्याच कार्यक्रमाची पुस्तिका आली तेव्हा मी तसं केलं. ‘तबला-साथ’ ही वेगळी ओळ, खाली मास्तरांचं नाव. प्रूफ घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, आणि पेटीवाल्यांच्या नावातली वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ करायला सांगितली.